एसपीआर मशीन आठ महिने वापरून: लायपोसोमवाल्यांनी नक्की वाचा

लॅबमध्ये एसपीआर (सरफेस प्लाझमॉन रेझोनन्स) बायोसेन्सर, म्हणजे पृष्ठभागावर काय चिकटतंय ते लाइटने मोजणारं मशीन, आला त्याला आठ महिने झाले, जवळपास रोज मीच वापरतेय. कंपनीचं नाव लिहीत नाही. माझं काम म्हणजे औषध भरलेल्या १०० नॅनोमीटरच्या लायपोसोमना (चरबीच्या पातळ आवरणाच्या सूक्ष्म पिशव्यांना) रक्तातली प्रोटीन्स किती चिकटतात ते बघायचं, कारण प्रोटीन जास्त चिकटलं की लिव्हर आणि प्लीहा ते कण उचलतात आणि औषध कॅन्सरच्या गाठीपर्यंत पोचायचं राहतं.

आत काचेवर सुमारे ५० नॅनोमीटरचा सोन्याचा थर असतो, खालून लाइट पडतो, वर काही चिकटलं की अँगल सरकतो आणि स्क्रीनवर रेष चढते, कसलंही लेबल लावायला लागत नाही. पहिल्यांदा साध्या लायपोसोमवर सीरम सोडलं तर रेष झपकन वर गेली ती बफरने (पीएच स्थिर ठेवणाऱ्या द्रावणाने) धुतल्यावरही पूर्ण खाली येईना, आणि पेगवाल्यांवर (पेग म्हणजे प्रोटीन दूर ठेवायला कणांवर लावलेलं पॉलिमर) जेमतेम हलली! हे डोळ्यासमोर घडताना बघायला खरंच भारी वाटतं.

त्रास सांगायचा तर बफर नीट डिगॅस केला नाही (त्यात विरघळलेली हवा काढली नाही) की बुडबुडा अडकतो आणि अख्खी रन वाया, एकदा तर कण गोळा होऊन चॅनल चोकअप झाला आणि सर्व्हिसवाला तीन आठवड्यांनी उगवला, तेव्हा फार मनस्ताप झाला. शिवाय सेन्सरला पृष्ठभागापासून दोनेकशे नॅनोमीटरपर्यंतचंच नीट दिसतं, त्यामुळे मोठ्या कणांचे आकडे कमी येतात. साइज आधी डीएलएसवर (विखुरलेल्या लाइटवरून कणांचा आकार मोजणाऱ्या मशीनवर) बघूनच सॅम्पल लावा. मशीन मात्र घ्याच, फक्त सर्व्हिस किती दिवसांत मिळेल ते आधी लेखी घ्या.