पणजोबांची मेडलं फ्रेम करून घेतली, नवी पेठ सोलापूर

पणजोबा पहिल्या महायुद्धात मराठा पलटणीतून मेसोपोटेमियाला म्हणजे आत्ताच्या इराकला गेलेले, त्यांची दोन मेडलं आत्याकडच्या ट्रंकेत सापडली अन् मी नवी पेठेतल्या एका फ्रेमवाल्याकडं नेली. फ्रेमवाले काका आधीच म्हणाले, ब्रासो (धातू चकाकवायचं पॉलिश) अजिबात लावू नका, घासून घासून कडेवरचं नाव जातं. भिंगातून बघितलं तर चांदीच्या मेडलच्या कडेला नंबर, नाव, पलटण सगळं ठोकलेलं! अंगावर काटाच आला. रिबीन विरलेली पण मूळचीच ठेवली, मागं अ‍ॅसिड-फ्री (आम्ल नसलेला) बोर्ड, गोंद कुठंच नाही, दोऱ्यानं बांधलंय, मेडल काचेला टेकत नाही. वेळ मात्र लय लावला, सारखे फोन करावे लागले. तरी काम एक नंबर, बिनधास्त जा. फक्त फ्रेम उन्हाच्या भिंतीवर लावू नका, रिबीनचा रंग उडतो.