सेकंडहँड हॅचबॅक आणि साठच्या पुढची घुंई: वापरानंतरचा अनुभव

गाडीची कागदावरची माहिती सगळ्यांना आहेच, त्यात शिरत नाही. पेट्रोल हॅचबॅक, सेकंडहँड, गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर घेतली. मायलेज चांगलं, एसी दमदार, क्लच हलका. मागे दोघं आरामात बसतात, तिसऱ्याची अडचण होते. बाकी सगळं लिहायचंय ते आवाजाबद्दल.

दिवाळीच्या सुमारास पुण्याच्या कात्रज-देहूरोड बायपासवर साठच्या पुढे घुंई असा एकसुरी आवाज सुरू झाला. वेग वाढेल तसा सूर चढायचा; ऐंशीला शेजारच्याशी बोलायचं तर आवाज चढवावा लागे. सर्व्हिस सेंटरने गाडी लिफ्टवर घेतली, चाकं धरून हलवली आणि जॉब कार्डवर लिहून दिलं: बेअरिंगला प्ले नाही (म्हणजे चाक ज्यावर फिरतं तो भाग ढिला नाही), टायरचा आवाज आहे, चारही टायर बदला. अंदाजे खर्च २२,००० रुपये, शिवाय तपासणीचे ७०० लगेच घेतले. टायरची नक्षी भरपूर शिल्लक होती. असे टायर कुणाच्या तोंडच्या शब्दावर मी फेकून देणार नाही.

मग स्वतःच शोधायला घेतलं. गाडी उभी करून अ‍ॅक्सिलरेटर दिला, तर काही नाही. म्हणजे इंजिनाबरोबर फिरणारा अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा) नाही, बेल्टही नाही. मग एकाच वेगाला चौथा आणि पाचवा गिअर टाकून पाहिला. इंजिनाचे फेरे बदलले, घुंई तशीच. पहाटे मोकळ्या सरळ रस्त्यावर क्षणभर न्यूट्रल केली, तरी आवाज चालूच. (इंजिन मात्र चालत्या गाडीत कधीही बंद करू नका, ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही जड होतात.) आवाज गाडीच्या वेगाशी बांधलेला होता, इंजिनाशी नाही. उरली चाकं: टायर किंवा बेअरिंग.

टायरचा आवाज रस्त्याप्रमाणे बदलतो. एक्सप्रेसवेच्या काँक्रीटवर तो वेगळा येतो, गुळगुळीत डांबरावर जवळजवळ बसतो. माझी घुंई दोन्हीकडे सारखीच होती. पुढचे टायर मागे, मागचे पुढे करून घेतले. आवाज पुढून यायचा तो पुढूनच येत राहिला. खरा उलगडा झाला चांदणी चौकात. उजवीकडे वळणाऱ्या रॅम्पवर घुंई वाढली, डावीकडे वळताना दबली. उजवीकडे वळताना गाडीचा भार डाव्या चाकांवर जातो. म्हणजे पुढचं डावं बेअरिंग. आणि ते पटण्यासारखंच आहे, कारण रस्त्याच्या कडेच्या पाण्याने भरलेल्या खड्ड्यांत पावसाळाभर तेच चाक आपटत असतं. सील एकदा गेलं की पाणी आत शिरतं आणि ग्रीस धुऊन निघतं.

धायरीतल्या गॅरेजवाल्यांनी चाक जॅकवर उचललं, एक हात सस्पेन्शनच्या स्प्रिंगवर ठेवला आणि दुसऱ्याने चाक फिरवलं. “दादा, तुम्हीच हात लावून बघा,” म्हणाले. स्प्रिंगमध्ये खरखर स्पष्ट जाणवत होती. उजव्या बाजूची स्प्रिंग गप्प. “प्ले नंतर येतो. बेअरिंग वाजायला त्याच्या कितीतरी आधी लागतं.”

माझा सगळा राग जॉब कार्डवरच्या ‘बेअरिंगला प्ले नाही’ या एका वाक्यावर आहे. चाक वर-खाली धरून हलवलं, हललं नाही, म्हणून बेअरिंग ठीक, ही तपासणी अर्धीच आहे. हाताने फिरवून बघायला दोन मिनिटं लागतात, आणि पैसे घेऊनही ती दिली गेली नाहीत.

बेअरिंग नाना पेठेतून पक्क्या बिलावर घेतलं, एसकेएफचं, ज्यांचा कारखाना आपल्या चिंचवडलाच आहे. १,६५० रुपये. मजुरी ९००. काम हायड्रॉलिक प्रेसवरच करून घ्या, हातोड्याने ठोकून बसवलेलं बेअरिंग लवकर वाजतं. एबीएसची (ब्रेक मारताना चाक जाम होऊ न देणारी यंत्रणा) गाडी असेल तर बेअरिंगच्या एका बाजूला अनेकदा चुंबकीय रिंग असते, ती चाकाचा वेग मोजणाऱ्या सेन्सरकडेच हवी; उलटं बसलं की डॅशबोर्डवर एबीएसचा दिवा लागतो. हबचा (चाक ज्यावर बसतं त्या भागाचा) नट नवा घ्या आणि टॉर्क रेंचने, म्हणजे ठरलेल्या जोराने आवळणाऱ्या पान्याने, आवळून घ्या.

इथून पुढचं गाडी परत वापरल्यानंतर लिहितोय. घुंई पूर्ण गेली. पण ती गेल्यावर तिच्याखाली दबलेला दुसरा, बारीक गुणगुणणारा आवाज काँक्रीटवर ऐकू येतो आणि डांबरावर नाहीसा होतो. हा टायरचा. दोन टायरच्या आतल्या कडेला हात फिरवला की खालीवर लागतं, ते तिथे खाल्ले गेलेत. म्हणजे टायरबद्दल सर्व्हिस सेंटर अगदीच खोटं बोलत नव्हतं, आणि हे नोंदवणं मला आवश्यक वाटतं. पण घुंई करणारा दोष तो नव्हता, आणि त्यासाठी चार टायर तर मुळीच लागत नाहीत. चाकांची अलाइनमेंट करून घेतली, ते दोन टायर झिजेपर्यंत वापरणार.

आधी या गाडीला दोन तारे देणार होतो, आता चार देतो. बेअरिंगचा दोष गाडीचा नाही, आपल्या रस्त्यांचा आहे. सर्व्हिस सेंटरला जॉब कार्डची प्रत, बेअरिंगचं बिल आणि जुनं बेअरिंग दाखवून ७०० रुपये लेखी अर्जाने परत मागितलेत. अर्जावर पोच घेतली आहे. उत्तर आलं की इथेच लिहीन.