शाळेतला कॅमेरा आणि वॉर्डातला कॅमेरा: कुठे बसवावा, कुठे नको

कॅमेऱ्यांचा प्रस्ताव शाळेच्या समितीपुढे किंवा रुग्णालयाच्या प्रशासनापुढे येतो तो बहुधा काहीतरी वाईट घडून गेल्यावर. एखाद्या लेकराला कुणी इजा केलेली असते, किंवा रात्री एखादा रुग्ण खाटेवरून पडलेला असतो, आणि ‘कॅमेरा असता तर’ हे शब्द सगळ्यांच्याच तोंडी असतात. त्यामागचं दुःख खरं असतं. म्हणूनच निर्णय त्याच आठवड्यात घाईघाईनं उरकू नये. एकदा बसवलेला कॅमेरा सहसा कुणी काढत नाही.

मला काय वाटतं ते आधीच सांगतो. दार, जिना, औषधांची खोली इथं कॅमेरा असावा. वर्गावर रोखलेला आणि खाटेवर रोखलेला रेकॉर्डिंग करणारा कॅमेरा नसावा. अपवाद दोन्हीकडे आहेत, पण शाळेतल्या अपवादाचं कारण वेगळं आणि वॉर्डातल्या अपवादाचं वेगळं. प्रस्ताव लिहिताना नेमका इथंच घोळ होतो, कारण दोन्हीकडे यंत्र एकच असतं आणि विकणाराही एकच.

धोका कसला आहे, ते आधी बघा

शाळेत धोका माणसाकडून असतो. बाहेरून आलेला अनोळखी, वर्गातला दांडगा मुलगा, क्वचित शाळेतलाच कुणी मोठा माणूस. वॉर्डात बहुतेक धोका शरीराचा असतो. रुग्ण तोल जाऊन पडतो, श्वास अडकतो, भ्रमात नळी उपसून काढतो. मारहाण, चोरी आणि छळ तिथंही होतात, पण रात्रपाळीच्या सिस्टरच्या मनात पहिली भीती पडण्याची असते.

सीसीटीव्हीवरच्या 40 वर्षांच्या संशोधनाचा एकत्रित आढावा 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. कॅमेरे असलेल्या ठिकाणी गुन्हे सरासरी 13 टक्क्यांनी कमी झाले, असं त्यात दिसलं. सगळ्यात मोठा फरक वाहनतळांवर पडला होता आणि हिंसक गुन्ह्यांत लक्षणीय घट आढळली नाही. यात नवल नाही. गाडी फोडणारा आधी आजूबाजूला बघतो, पण रागाच्या भरात हात उगारणारा छताकडे बघत नाही. म्हणजे शाळेला ज्याची सर्वाधिक भीती, त्याच बाबतीत कॅमेऱ्याचा धाक सर्वांत कमी. अमेरिकेतल्या कोलंबाइन शाळेत 1999 मध्ये गोळीबार झाला तेव्हा उपाहारगृहात कॅमेरा होता. त्यानं सगळं टिपलं, थांबवलं काहीच नाही. तिथल्या सरकारी शाळांपैकी 1999–2000 मध्ये 19 टक्के शाळांत कॅमेरे होते, 2019–20 पर्यंत ते प्रमाण 91 टक्क्यांवर गेलं. एवढ्या काळात तिथले गोळीबार थांबलेले नाहीत.

तरीही शाळेतला कॅमेरा निरुपयोगी म्हणता येत नाही. घटना घडून गेल्यावर कोण आत आलं, किती वाजता आलं, कुठल्या जिन्यानं गेलं हे त्यावरून कळतं, आणि ज्याच्यावर उगाच आळ आला तोही सुटतो. हा पुरावा गेटवर, जिन्यात, व्हरांड्यात पुरेसा मिळतो.

वॉर्डात मात्र नंतरच्या पुराव्यानं रुग्णाचं भलं होत नाही. आजोबा तीन वाजता पडले हे सकाळी फुटेजमध्ये दिसून काय उपयोग? तिथं त्या क्षणी कुणी बघत असेल आणि धावून जाणार असेल तरच कॅमेऱ्याला अर्थ आहे.

सिंकवरचे कॅमेरे

न्यूयॉर्कमधल्या एका आयसीयूत कर्मचारी हात धुतात की नाही हे पाहायला कॅमेरे लावले होते. सोळा आठवडे नुसतं चित्रण चाललं, कुणाला निकाल सांगितला नाही. हात धुण्याचं प्रमाण 10 टक्क्यांहूनही कमी निघालं. मग निकाल सतत फलकावर झळकू लागले आणि पुढच्या सोळा आठवड्यांत तेच प्रमाण 80 टक्क्यांच्या वर गेलं. 2012 मध्ये प्रसिद्ध झालेला हा अभ्यास मला सगळ्या वादात सर्वांत उपयोगी वाटतो. कॅमेरा दोन्ही वेळेला तोच, कर्मचारीही तेच. बदललं ते एवढंच की पाहिलेलं काम करणाऱ्यांपर्यंत पोचू लागलं. आणि कॅमेरे रोखले होते सिंकवर आणि जंतुनाशकाच्या बाटल्यांवर, रुग्णांवर नव्हे.

प्रस्ताव आणणाऱ्याला म्हणूनच पहिला प्रश्न विचारावा: हे बघणार कोण, आणि बघून काय करणार? उत्तर ‘रेकॉर्डिंग तर राहील’ एवढंच असेल, तर गेटसाठी ते चालेल. खाटेसाठी चालणार नाही.

वर्गात कॅमेरा: देशोदेशी उलटसुलट

सीबीएसईनं 2025 मध्ये आपल्या शाळांना प्रवेशद्वारांपासून वर्गखोल्यांपर्यंत आवाजासह टिपणारे कॅमेरे बसवायला सांगितलं, स्वच्छतागृहं वगळून, आणि फुटेज किमान 15 दिवस जपायला लावलं. फ्रान्सच्या माहिती-संरक्षण संस्थेची भूमिका याच्या उलट आहे. तिथं येण्याजाण्याचे मार्ग टिपता येतात, पण मुलं जिथं वावरतात त्या जागांचं शाळेच्या वेळेत अखंड चित्रण अवाजवी मानलं जातं. युरोपच्या मानवाधिकार न्यायालयानं 2017 मध्ये माँटेनेग्रोतल्या दोन प्राध्यापकांच्या बाजूनं निकाल दिला. व्याख्यानगृहातले कॅमेरे त्यांच्या खासगी आयुष्यात ढवळाढवळ करणारे ठरले. निकाल चार विरुद्ध तीन अशा मतांनी लागला, इतका हा प्रश्न न्यायाधीशांनाही दुभंगणारा आहे.

मी फ्रान्सच्या बाजूला आहे. चुकीचं उत्तर मोठ्यानं द्यायची मुभा ही वर्गाची मोठी गोष्ट आहे. अडखळत वाचणं, खुळा वाटणारा प्रश्न विचारणं, रडू येणं हे सगळं तिथंच घडायला हवं आणि तिथंच विरायला हवं. ते साठवलं जातंय हे कळलेलं मूल हात वर करण्याआधी विचार करतं, आणि शिक्षकही पुस्तकाबाहेर जायला कचरतो. शिवाय एकदा यंत्र लागलं की त्याला नवी कामं सुचत जातात. चीनमधल्या हांगचौ शहरातल्या एका शाळेत 2018 मध्ये दर 30 सेकंदांनी मुलांचे चेहरे वाचून कोण लक्ष देतंय, कोण कंटाळलंय हे नोंदवणारी यंत्रणा बसली. स्वीडनमधल्या शेलेफ्टेओच्या एका शाळेनं चेहरा ओळखून हजेरी घ्यायचा प्रयोग 22 विद्यार्थ्यांवर केला आणि 2019 मध्ये दोन लाख क्रोनांचा दंड झाला. पालकांची संमती घेतली होती, पण शाळेपुढे पालक खरंच ‘नाही’ म्हणू शकतात का, हा प्रश्न तिथल्या नियामकानं विचारला आणि संमती ग्राह्य धरली नाही.

पालकांना मोबाइलवर वर्गाचं थेट चित्र देणं तर मला मुळीच पटत नाही. प्रत्येक पालक स्वतःचं मूल बघायला बसतो आणि दुसऱ्यांची चाळीस बघतो.

आणि छळ होतो कुठे? बरेचदा स्वच्छतागृहात, कपडे बदलायच्या खोलीत, बंद दाराआड. तिथं कॅमेरा लावता येत नाही आणि लावूही नये. त्या जागांसाठी साधे उपाय आहेत: खोल्यांच्या दारांना काचेची पट्टी, लहान मुलासोबत बंद खोलीत एकटा मोठा माणूस नको हा नियम, मधल्या सुट्टीत स्वच्छतागृहाबाहेर उभी राहणारी ताई, आणि मूल विश्वासानं जिच्याशी बोलेल अशी एक व्यक्ती.

आता अपवाद. जे मूल बोलू शकत नाही, घरी येऊन ‘मला मारलं’ असं सांगू शकत नाही, त्याच्या आईबापांनी वर्गात कॅमेरा मागितला तर मी त्यांना अडवणार नाही. टेक्सासनं 2015 मध्ये अगदी याच मुलांसाठी कायदा केला. विशेष शिक्षणाच्या स्वतंत्र वर्गात पालकांनी मागणी केली तर शाळेनं कॅमेरा बसवायचा. पण फुटेज रोज बघत बसायचं नाही, शिक्षकाचं मूल्यमापन त्यावरून करायचं नाही, तक्रार आली तरच ठरावीक माणसांनी उघडायचं. मुभा आणि कुंपण दोन्ही एकाच कायद्यात आहेत. अशी मुलं तुमच्या शाळेत असतील तर हा नमुना समोर ठेवावा, आणि त्याच आधारावर बाकीच्या सगळ्या वर्गांत कॅमेरे घुसवू देऊ नयेत.

खाटेवर कॅमेरा: इथं अब्रूचा प्रश्न

वर्गात मूल निदान कपड्यात असतं, पायावर उभं असतं, संध्याकाळी घरी जातं. वॉर्डात बेडपॅन लागतो, ड्रेसिंग बदललं जातं, कॅथेटर घातला जातो, डॉक्टर वाईट बातमी सांगतात. पडदे ओढायचे ते याचसाठी. कॅमेरा त्या पडद्याच्या आत बसतो.

कॅलिफोर्नियातल्या एका रुग्णालयाला औषधं चोरीला जात असल्याचा संशय होता. 2012–13 मध्ये त्यांनी स्त्रियांच्या शस्त्रक्रियागृहांत छुपे कॅमेरे ठेवले आणि सुमारे 1,800 स्त्रिया चित्रित झाल्या. हवा होता चोर, चित्रण झालं टेबलावर झोपलेल्या बायकांचं. औषधांच्या कपाटाची जागा बदलून कॅमेरा तिकडं वळवता आला असता. राजकोटमधल्या एका प्रसूती रुग्णालयातली तपासणीची दृश्यं फेब्रुवारी 2025 मध्ये यूट्यूब आणि टेलिग्रामवर विकायला निघालेली सापडली. मार्च 2021 मध्ये वेरकाडा या अमेरिकी कंपनीच्या सुमारे दीड लाख कॅमेऱ्यांत हॅकर शिरले. त्यांत शाळा होत्या, तुरुंग होते, रुग्णालयांच्या खोल्याही होत्या. आत जायला लागलेला मुख्य पासवर्ड इंटरनेटवर उघडा सापडला होता. जे टिपलंच नाही ते फुटत नाही, आणि खाटेजवळच्या कॅमेऱ्याविरुद्ध मला हेच सर्वांत वजनदार कारण वाटतं.

पण दुसऱ्या पारड्यातही जड गोष्टी आहेत. इंग्लंडमधल्या दोन रुग्णालयांनी 1986 ते 1994 या काळात 39 बालकांच्या खोल्यांत छुपे कॅमेरे ठेवले, कारण त्यांचा श्वास वारंवार का थांबतो याबद्दल डॉक्टरांना संशय होता. त्यांतल्या 33 बालकांना पालकांपैकीच कुणीतरी इजा करत होतं. त्या पद्धतीवर पुढे बरीच टीकाही झाली. पण तो कॅमेरा ठरावीक संशयावरून, ठरावीक मुलासाठी होता, आणि मदतीला धावणारे कर्मचारी सतत पडद्यापाशी होते. ‘सगळ्या खाटांवर लावून ठेवू, कधीतरी लागेल’ हा प्रकार तो नव्हे.

दुसरा अपवाद पडण्याचा धोका असलेल्या रुग्णांचा. काही रुग्णालयांत प्रशिक्षित माणूस डझनभर खाटांकडे थेट बघत बसतो, रुग्ण उठू लागला की स्पीकरवरून ‘थांबा, सिस्टर येत आहेत’ म्हणतो आणि सिस्टरला कळवतो. रेकॉर्डिंग करायची गरज नसते, स्वच्छतेच्या वेळी चित्र बंद करता येतं. रुग्णाला किंवा त्याच्या जवळच्या माणसाला विचारून हे केलं तर मला मान्य आहे. अट एकच: याच्या नावाखाली रात्रपाळीची एक सिस्टर कमी करू नये, कारण पलीकडचा माणूस हाक मारेल, पण रुग्णाला धरायला हात लागतात.

मानसोपचाराच्या वॉर्डाबद्दल मी जास्त कडक आहे. इंग्लंडमधल्या काही वॉर्डांत खोलीतले इन्फ्रारेड कॅमेरे रुग्णाची नाडी आणि श्वास मोजतात. रात्री दार उघडून टॉर्च मारायची गरज कमी होते, हे खरं. पण कुणीतरी आपल्यावर पाळत ठेवतंय ही भीती हाच ज्याचा आजार, त्याच्या उशाशी कॅमेरा ठेवायचा तर त्याचा स्वतःचा होकार हवा आणि तो कधीही मागे घेता यायला हवा.

जिथं फारसा वाद नाही

मुख्य गेट, जिने, लिफ्ट, पार्किंग: दोन्हीकडे लावावेत. नवजात बाळांच्या विभागाचं दार: नक्की लावावा, आतल्या स्तनपानाच्या जागेवर नको. अपघात विभागाबाहेरची बसायची जागा, जिथं कर्मचाऱ्यांवर हात उगारला जातो: लावावा. औषधांचं कपाट, प्रयोगशाळेचं दार, परीक्षेच्या पेपरांची खोली: लावावा. स्वच्छतागृह, कपडे बदलायची खोली, समुपदेशनाची खोली, तपासणीची खोली: कुठल्याही कारणानं नको.

आवाज टिपणं दोन्हीकडे बंद ठेवायला सांगा. टेक्सासच्या त्या वर्गांत तो कायद्यानंच टिपला जातो, पण तो अपवाद तिथंच राहू द्या. फुटेज कोण उघडतं याची नोंदवही ठेवा, पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला, ठरावीक दिवसांनी जुनं आपोआप पुसलं जाऊ द्या. मात्र घटना घडली की त्याच दिवशी प्रत काढून मोहोरबंद करायची जबाबदारी नावानिशी एकावर टाका.

आणि पैसा तुटपुंजा असेल, तर शाळेनं गेटवरचे कॅमेरे, दारांना काचा आणि एक समुपदेशक घ्यावा, वर्गातले कॅमेरे सोडून द्यावेत. रुग्णालयानं रात्रपाळीला आणखी एक सिस्टर घ्यावी.