ओळींची लिंक्ड लिस्ट: मर्ज सॉर्ट की क्यूसॉर्ट?

धुळ्याचा माझा भाचा अहिराणी शब्दांची यादी सी या प्रोग्रामिंग भाषेत वर्णक्रमाने लावत बसला होता. एका ओळीत शब्द आणि त्याचा मराठी अर्थ, अशा 40,000 ओळी, दर ओळीला एक नोड, म्हणजे ती ओळ आणि पुढच्या नोडचा पत्ता (नेक्स्ट पॉइंटर) ठेवणारा कप्पा. अशा कप्प्यांची साखळी म्हणजे लिंक्ड लिस्ट. "मामा, वाचतानाच जागच्या जागी घुसवत गेलो तर?" चालेल, पण दर ओळीमागे सरासरी अर्धी यादी तुडवावी लागते, तुलना होतात 40 कोटींच्या घरात. पाच-सातशे ओळी असतील तरच हा मार्ग धरा.

मर्ज सॉर्ट यादी दुभागत जातो आणि लावलेले भाग पुन्हा जोडतो. त्याला थेट मधल्या नोडवर उडी मारावी लागत नाही, म्हणून लिस्टला तो मानवतो. सहा लाखांच्या आसपास तुलना, मजकूर जागेवरच, बदलतात फक्त नेक्स्ट पॉइंटर. भाच्याचा प्रोग्राम मात्र दोन नोडवरच अडकला. यादी दुभागायला त्याने हळू (एकेक नोड सरकणारा) आणि जलद (दोन-दोन नोड सरकणारा) पॉइंटर दोन्ही पहिल्याच नोडवरून सोडले होते. दोन नोड उरले की मागचा भाग रिकामा, पुढचा पुन्हा दोनाचाच, रिकर्शन (फंक्शनने स्वतःलाच बोलावणं) थांबेना! जलद पॉइंटर एक नोड पुढून सोडला आणि मिटलं. भाग जोडताना मात्र लूपच वापरा. तिथेही रिकर्शन केलंत तर एवढ्या यादीत स्टॅक (अशा बोलावण्यांसाठी राखलेली मेमरी) फुटू शकतो.

क्यूसॉर्ट (qsort) हे फंक्शन सीमध्ये आयतं मिळतं, पण त्याला ॲरे, म्हणजे मेमरीत सलग मांडलेली यादी, लागतो. 64 बिट मशीनवर 40,000 पॉइंटर म्हणजे 3,20,000 बाइट, किरकोळच. पॉइंटर भरा, लावा, साखळी पुन्हा जोडा, शेवटच्या नोडचा नेक्स्ट नल (रिकामा) करा. ठेच लागते ती तुलनेच्या फंक्शनमध्ये: हाती नोड येत नाही, नोडच्या पॉइंटरचा पत्ता येतो. शिवाय सारख्या ठरलेल्या ओळींचा मूळ क्रम टिकेल अशी हमी सीच्या प्रमाणकात नाही. अख्खी ओळ ताडत असाल तर काय फरक पडतो? क्यूसॉर्टच घ्या. नुसत्या शब्दावर किंवा अर्थावर लावायचं असेल, तर मर्ज सॉर्ट. भाच्याने तोच ठेवला.

आणि तुलना कशाने? सीचा स्ट्रकम्प (strcmp) नुसते बाइट बघतो. युनिकोडमध्ये ळ येतो व-च्या आधी, आपल्या वर्णमालेत ह-नंतर. म्हणून 'काळा' आधी आणि 'कावळा' मागे पडतो. भाषेच्या वर्णक्रमाने ताडणारा स्ट्रकोल (strcoll) घ्यायचा तर आधी सेटलोकेलने (setlocale) मराठी लोकेल, म्हणजे मराठीचे नियम, लावा, नाहीतर तोही स्ट्रकम्पसारखाच वागतो.

भाचा हसला. "मामा, अहिराणीत काळ्याला काया म्हणतात. ळ आहेच कुठे फारसा?" बरोबर होतं त्याचं. शब्दांच्या रकान्याला स्ट्रकम्प ठेवला, अर्थाच्या रकान्याला स्ट्रकोल.