सनद हातात आली, पुढे काय? सीनियर, लॉ फर्म, कंपनी की न्यायिक सेवा: कमाईचा हिशेब

एलएल.बी. झाल्यावर वकिलीच्या कमाईचे जे आकडे कानावर पडतात, ते एका मापाचे नसतात. लॉ फर्मचा आकडा वर्षाच्या पॅकेजचा असतो, न्यायाधीशाचा नुसत्या मूळ वेतनाचा, सीनियर वकिलाच्या हाताखालचा महिन्याच्या पाकिटाचा, आणि टीव्हीवर गाजलेल्या वकिलाचा एका हजेरीचा. हे आकडे शेजारी ठेवून निर्णय घेतला की तो फसतो. खरं पाहायचं ते तीन गोष्टींत. पैसे महिन्याच्या महिन्याला येतात की नाहीत, ते देणारा कोण, आणि तीन-पाच वर्षांनी त्या जागेवरून पुढे कुठे जाता येतं. खालची तुलना महाराष्ट्रात नुकतीच पदवी घेतलेल्यासाठी आहे. पगारी नोकऱ्यांचे सरकारी आकडे नेमके आहेत, बाकीचे बाजारातल्या सर्वसाधारण दरांचे आहेत.

व्यवसायात शिरण्याचा खर्च आता फारसा राहिलेला नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या ३० जुलै २०२४ च्या निकालानंतर सनदेसाठी बार कौन्सिलकडे करायच्या नोंदणीला सर्वसाधारण प्रवर्गाकडून ७५० आणि अनुसूचित जाती-जमातींच्या उमेदवारांकडून १२५ रुपयांपेक्षा जास्त शुल्क घेता येत नाही. त्यानंतर ऑल इंडिया बार एक्झामिनेशन पास व्हावी लागते. खर्च सुरू होतो तो पुढे, कमाई सुरू होईपर्यंतच्या काळात.

सीनियरच्या ऑफिसात

तालुक्याच्या कोर्टात पहिल्या वर्षी बऱ्याच ज्युनिअरना काहीच मिळत नाही, फार तर पेट्रोलपुरते दोन-चार हजार. जिल्ह्याच्या ठिकाणी पाच ते दहा हजार, पुण्या-मुंबईत दहा ते पंचवीस हजार. उच्च न्यायालयात चालू काम असलेल्या चेंबरमध्ये थोडं अधिक. बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये शहरी भागात २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये किमान विद्यावेतन द्यावं असं परिपत्रक काढलं, पण ती शिफारस आहे, सक्ती नाही. त्या परिपत्रकाचा दाखला देऊन सीनियरकडून पैसे वाढवून घेता येतील, अशी आशा ठेवू नये.

पाकिटापेक्षा महत्त्वाचे प्रश्न वेगळे असतात. स्वतःचं काम घेण्याची मुभा आहे का? त्याची फी कोणाची? जामिनाच्या अर्जावर युक्तिवाद करायला मिळतो, की तारखा मागून रोजनामा (त्या दिवशी कोर्टात काय झालं याची नोंद) लिहून आणायचा? साक्षीदाराचा उलटतपास कधी घ्यायला मिळेल? महिन्याला पाच हजार देऊन दुसऱ्या वर्षी उलटतपास घेऊ देणारा सीनियर, पंधरा हजार देऊन तीन वर्षं फक्त पुकारे ऐकायला बसवणाऱ्यापेक्षा फायद्याचा. ज्युनिअरचं नाव वकालतनाम्यावर येतं का, हेही पहिल्याच दिवशी विचारावं. त्याचं कारण शेवटच्या भागात येईल.

स्वतःचं काम सुरू झालं की कमाईवर सर्वांत मोठा परिणाम कशाचा होतो? नव्या केसेसचा नाही, वसुलीचा. समजा जिल्हा कोर्टात तिसऱ्या वर्षी ४० प्रकरणं आली आणि सरासरी १२,००० रुपये ठरले. कागदावर ४,८०,००० झाले. त्यातले ६० टक्के हातात आले तर २,८८,०००. टेबलाचं भाडं, कारकून, टायपिंग, झेरॉक्स, पेट्रोल मिळून महिन्याला ९,००० धरले तर वर्षाला १,०८,००० गेले. उरले १,८०,०००, म्हणजे महिन्याला १५,०००. तेवढ्याच प्रकरणांत वसुली ८० टक्क्यांवर गेली तर हातात महिन्याला २३,००० राहतात. एकही नवा पक्षकार न येता कमाई दीडपट.

फी बुडते ती ठरलेल्या जागी. फौजदारीत जामीन झाला की पक्षकार फोन उचलत नाही. दिवाणीत पूर्ण दाव्याची एकरकमी फी ठरते, आणि मनाईचा अर्ज, त्यावरचं अपील, पक्षकार मयत झाल्यावर वारस लावणं असं करत दावा आठ वर्षं चालतो. म्हणून फी टप्प्यांत बांधावी: नोटीस व दावा दाखल करताना एक हिस्सा, मनाई अर्जाच्या वेळी दुसरा, पुरावा सुरू होताना तिसरा, आणि अपील वेगळं. कोर्ट फी स्टॅम्प, वेल्फेअर फंडाचं तिकीट, नकलांचा खर्च फीमध्ये धरू नये. राहिलेल्या फीसाठी फाइल अडवून ठेवता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००० सालीच सांगितलं आहे. तेव्हा पक्षकार दुसऱ्या वकिलाकडे निघाला की हिशेब संपलाच. मोटार अपघाताच्या दाव्यात नुकसानभरपाईच्या टक्केवारीवर फी ठरवण्याची पद्धत सर्रास दिसते, पण निकालावर अवलंबून असलेली फी ठरवायला बार कौन्सिलच्या नियमांतच बंदी आहे. असा करार वसुलीला उपयोगाचा नाही, आणि तक्रार झाली तर सनदेवर बेतते.

कामाचा प्रकारही पाहावा. चेक बाऊन्सची प्रकरणं बँका आणि पतसंस्था गठ्ठ्याने देतात. दर प्रकरणी पैसे कमी, बिलं उशिरा निघतात, पण काम थांबत नाही. नोटीस ३० दिवसांत, मग १५ दिवसांची मुदत, त्यानंतर महिन्याभरात तक्रार: या तारखा सांभाळणारा कारकून असेल तरच हे काम परवडतं, नाहीतर एक मुदत चुकली की बँकेचं पॅनेलच जातं. जमिनीचा ३० वर्षांचा सर्च, खरेदीखत, हक्कसोडपत्र, मृत्युपत्र ही कामं ज्युनिअर मंडळी दुय्यम समजतात. मात्र तालुक्याच्या गावात महिन्याचा घरखर्च बहुधा यावरच निघतो, कारण इथे दस्त हातात देतानाच पैसे मिळतात. मे महिन्याच्या सुट्टीत कोर्ट बंद असतं, दुय्यम निबंधकाचं कार्यालय नसतं.

कोर्ट बदललं की दर बदलतो, पण खर्चही बदलतो. मुंबईत १० कोटींपर्यंतचे बहुतेक दिवाणी दावे आता नगर दिवाणी न्यायालयात जातात, त्यामुळे उच्च न्यायालयाच्या मूळ शाखेत (जिथे दावे थेट दाखल होतात) नव्या माणसाला शिरायला जागा अरुंद झाली आहे. उलट १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच (मुंबईबाहेर बसणारं खंडपीठ) सुरू झालं, आणि कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग इथल्या वकिलांना मुंबईचं घरभाडं न भरता उच्च न्यायालयाचं काम शिकण्याची सोय झाली. या सहा जिल्ह्यांतल्या मुला-मुलींनी मुंबईला जाण्याआधी हे गणित नव्याने मांडावं.

लॉ फर्म

मुंबईतल्या सर्वांत वरच्या फर्म नव्या पदवीधराला वर्षाला साधारण १५ ते २० लाख देतात. मधल्या फर्म पाच ते दहा लाख, आणि फोर्टमधली दहा-बारा वकिलांची ऑफिसं महिन्याला २० ते ४० हजार. वरच्या फर्मची भरती मुख्यतः राष्ट्रीय विधी विद्यापीठांतून आणि मुंबईचं गव्हर्नमेंट लॉ कॉलेज, पुण्याचं आयएलएस अशा मोजक्या महाविद्यालयांतून होते, तीही इंटर्नशिपमधलं काम पाहून शेवटचं वर्ष संपण्याआधी. पदवी मिळाल्यावर अर्ज करायला निघालेल्यासाठी ते दार जवळजवळ बंद असतं. मधल्या फर्मचं मात्र उघडं असतं, आणि इंग्रजी मसुदा नीट करणाऱ्याला तिथे कॉलेज फारसं आडवं येत नाही.

ऑफर लेटरमध्ये पहिली पाहायची गोष्ट: पगार आहे की रिटेनर फी, म्हणजे नोकर न ठेवता दरमहा दिली जाणारी ठरलेली फी? फर्ममधले बरेच वकील रिटेनरवर असतात. तेव्हा भविष्य निर्वाह निधी नाही, ग्रॅच्युइटी नाही, आणि बिलावर १० टक्के टीडीएस कापला जातो. १५ लाखांच्या रिटेनरवर महिन्याला १,२५,००० पैकी १,१२,५०० हातात येतात. ऐकायला वाईट वाटतं, पण कराच्या हिशेबात हाच बरा पडतो. व्यावसायिकांच्या अनुमानित कर योजनेत जमेच्या निम्मी रक्कम उत्पन्न धरता येते, म्हणजे साडेसात लाख. २०२५-२६ च्या नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या अशा उत्पन्नावर कर लागत नाही, त्यामुळे विवरणपत्र भरल्यावर कापलेले दीड लाख परत मिळतात. तोच १५ लाखांचा आकडा पगार म्हणून असेल तर ७५,००० ची प्रमाणित वजावट घेऊनही सुमारे ९७,५०० रुपये कर बसतो. रिटेनरवर असताना आरोग्य विमा मात्र स्वतःचा काढावा लागतो.

दुसरी गोष्ट, पॅकेजमध्ये बोनस धरला आहे का. ‘१८ लाख’ या आकड्यात तीन लाखांचा बोनस असेल आणि तो फर्मच्या मर्जीवर असेल, तर तुलना १५ लाखांशी करावी. कामाचे तास रात्री नऊ-दहापर्यंत जातात, व्यवहार अंगावर आला की त्याहून पुढे. दर तासाला मिळणारा पैसा काढला तर मधल्या फर्मपेक्षा वरच्या फर्मचा फायदा दिसतो त्याहून कमी निघतो. आणि करारांवर चार वर्षं काम केलेल्याला कोर्टात उभं राहायची सवय राहत नाही. फर्ममध्येच जायचं असेल आणि कोर्टही सोडायचं नसेल, तर लिटिगेशन टीम, म्हणजे कोर्टातले खटले चालवणारा विभाग, मागून घ्यावी.

कंपनीचा विधी विभाग

नव्या पदवीधराला चार ते आठ लाख, पण जागा थोड्या, कारण कंपन्यांना तीन-चार वर्षं फर्ममध्ये मुरलेला माणूस हवा असतो. पगार वेळेवर, शनिवार-रविवार बहुधा मोकळे. किंमत एकच, पण मोठी: पूर्णवेळ पगारी नोकरी घेतली की वकिली थांबवावी लागते आणि सनद स्थगित करून ठेवावी लागते. बार कौन्सिलला न कळवता नोकरी करणं म्हणजे पुढे शिस्तभंगाच्या कारवाईला निमंत्रण. पहिली नोकरी म्हणून हा पर्याय घाईचा आहे, दुसरी म्हणून उत्तम.

न्यायिक सेवा

इथे आकडे उघड असूनही लोक कमी समजतात. दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर व प्रथमवर्ग न्यायदंडाधिकारी या पदाचं सुरुवातीचं मूळ वेतन ७७,८४० रुपये आहे. त्यावर महागाई भत्ता. केंद्राचा जुलै २०२५ चा ५८ टक्के दर धरला तर ४५,१४७ रुपये. दोन्ही मिळून १,२२,९८७, शिवाय सरकारी निवासस्थान किंवा घरभाडं आणि इतर भत्ते. तालुक्याच्या गावात राहून एवढं वेतन मिळणं आणि मुंबईत १५ लाखांच्या रिटेनरवर राहणं, यात महिनाअखेरीला शिल्लक कोणाकडे जास्त हे उघड आहे. ज्येष्ठ स्तरावर मूळ वेतन १,११,००० पासून आणि जिल्हा न्यायाधीशाचं १,४४,८४० पासून सुरू होतं. बदल्या ठरलेल्या, समाजात मिसळण्यावर बंधनं, आणि वरची कमाई वेतनश्रेणीने बांधलेली.

अडचण प्रवेशाची. परीक्षा महाराष्ट्र लोकसेवा आयोग घेतो आणि मराठी चांगलं यावं लागतं. सर्वोच्च न्यायालयाने २० मे २०२५ रोजी या पदासाठी किमान तीन वर्षांच्या वकिलीची अट परत आणली. ही वर्षं तात्पुरत्या, म्हणजे बार एक्झामिनेशन पास होण्याआधीच्या, नोंदणीपासून मोजायची असं त्या निकालात आहे, आणि न्यायाधीशांकडे लॉ क्लर्क म्हणून केलेलं कामही धरलं जातं. भरतीच्या प्रत्येक जाहिरातीतली पात्रतेची अट नीट वाचून घ्यावी. म्हणजे पदवीनंतर घरी बसून क्लास लावण्याचा मार्ग आता भरवशाचा नाही. तीन वर्षं सीनियरकडे अल्प पैशांत काढावीच लागणार, आणि कंपनीतली पूर्णवेळ नोकरी त्यात धरता येणार नाही.

सरकारी वकिलीचाही पर्याय आहे. सहायक सरकारी अभियोक्ता हे पदही आयोगामार्फत भरलं जातं, वेतनश्रेणी ५६,१०० ते १,७७,५००. त्यालाही आधी काही वर्षं कोर्टात काढलेली हवीत. फौजदारी कामाची आवड असेल तर न्यायिक सेवेची तयारी करतानाच हा अर्ज भरून ठेवावा.

कोणी कुठे जावं

घरातून तीन वर्षं महिन्याला दहा-बारा हजारांची मदत होऊ शकत असेल तर जिल्हा कोर्टातला सीनियर निवडावा. न्यायिक सेवा, सरकारी वकिली आणि स्वतःची वकिली, तिन्ही दारं त्यातून उघडी राहतात. शिक्षणाचं कर्ज डोक्यावर असेल तर मधली फर्म आणि तिथली लिटिगेशन टीम. वरच्या फर्मची ऑफर हातात असेल तर कर्ज फिटेपर्यंत दोन-तीन वर्षं तिथे काढणं शहाणपणाचं. मात्र पुढे जिल्ह्यात परत यायचं असेल तर ते पाचव्या वर्षाच्या आत यावं, कारण पक्षकार जोडण्याची सुरुवात तेव्हाही शून्यापासूनच होते आणि तोवर घरखर्च मुंबईच्या मापाचा झालेला असतो.

ज्याचा विचार अजून डळमळीत आहे, त्याने कोणतीही वाट धरली तरी नोंदणीच्या दिवसापासून एक वही ठेवावी: तारीख, कोर्ट, प्रकरणाचा क्रमांक, आपण काय केलं. आपलं नाव असलेल्या वकालतनाम्यांच्या आणि रोजनाम्यांच्या प्रती वर्षाला दहा-पंधरा तरी जपाव्यात. तीन वर्षांच्या वकिलीचा दाखला त्या कोर्टाचे प्रमुख न्यायिक अधिकारी देतात, किंवा किमान दहा वर्षं वकिली झालेल्या वकिलाच्या दाखल्यावर त्यांची सही लागते. अर्जाची मुदत संपायला चार दिवस राहिले असताना हे कागद गोळा करायला निघालेल्याला ते मिळत नाहीत.