स्टोन्स की टूल? आधी कुठला अल्बम ऐकायचा

कोल्हापुरात रॉक मन लावून ऐकणारी मंडळी तशी मोजकीच, पण त्यांच्यातही दोन तट आहेत. एका बाजूला रोलिंग स्टोन्सचा ‘हॅकनी डायमंड्स’, दुसऱ्या बाजूला टूलचा ‘फिअर इनॉक्युलम’. दोन्ही बँड मुरलेले, दोन्ही अल्बमची वाट चाहत्यांनी वर्षानुवर्षं पाहिलेली. २००५ नंतर स्टोन्सचा स्वतःच्या नव्या गाण्यांचा अल्बम आला तो थेट ऑक्टोबर २०२३ मध्ये. मधे २०१६ ला आला तो जुन्या ब्लूज गाण्यांचा. टूलनं २००६ नंतर गप्प बसून ३० ऑगस्ट २०१९ ला तोंड उघडलं. रॉककडे नव्यानं वळलेली पोरं विचारतात, आधी कुठला ऐकू? चाहते काय म्हणाले याच्याइतकंच कधी म्हणाले तेही बघा, असं माझं सांगणं आहे. स्टोन्सबद्दल पहिल्या आठवड्यात जे बोललं गेलं ते बऱ्यापैकी टिकलंय. टूलबद्दल पहिल्या आठवड्यात बोललेलं निम्मं सोडून द्यावं.

स्टोन्सच्या वेळी पहिली भावना सुटकेची होती. २०२१ च्या ऑगस्टमध्ये ड्रमर चार्ली वॉट्स गेला, तेव्हा आता हा बँड संपला असं अनेकांनी धरलं होतं. मग अल्बममधलं पहिलं गाणं ‘अँग्री’ आलं आणि ८० वर्षांच्या मिक जॅगरचा तो आवाज ऐकून राजारामपुरीतल्या माझ्या एका मित्रानं रात्री फोन करून फक्त ‘नाद खुळा’ एवढंच म्हटलं. अल्बममधल्या दोन गाण्यांत चार्लीचेच ड्रम्स आहेत, बाकी ठिकाणी स्टीव्ह जॉर्डन. त्या दोनपैकी ‘लिव्ह बाय द स्वोर्ड’मध्ये १९९३ ला बँड सोडून गेलेला बिल वायमन बेस वाजवतो, म्हणजे जुनी जोडी शेवटची एकत्र. हे कळल्यावर जुन्या चाहत्यांचा गळा दाटून आला, आणि ते मला पूर्ण पटतं.

तक्रारी होत्या त्या आवाजाबद्दल. निर्माता अँड्र्यू वॉट यानं सगळं फार चकचकीत आणि मोठ्या आवाजात दाबून बसवलंय, वाद्यांना श्वास घ्यायला जागा नाही, असं अनेक जण म्हणाले. चांगल्या हेडफोनवर हे खटकतंच. पण ‘स्वीट साउंड्स ऑफ हेवन’ला येऊन पोचा. सात मिनिटांवर चाललेलं गाणं, स्टीव्ही वंडर कीबोर्डवर, लेडी गागा मिकसोबत गाते. गाणं संपलं असं वाटतं, वाद्यं थांबतात, आणि मग दोघं हळूहळू ते परत उचलतात. शेवटी ब्लूज गायक मडी वॉटर्सचं एक जुनं गाणं, त्यात फक्त मिक आणि गिटारवाला कीथ रिचर्ड्स. बँडचं नाव याच गाण्यावरून आलं. २०२५ मध्ये या अल्बमला सर्वोत्तम रॉक अल्बमचा ग्रॅमी मिळाला तो योग्यच.

टूलचं प्रकरण वेगळं. पहिल्याच दिवशी चाहते दोन गटांत फुटले. गाणी लांब, गायक मेनार्ड कीननचा आवाज कमी, रिफ (गिटारवर परत परत येणारे तुकडे) ओळखीचे, तेरा वर्षं यासाठी थांबलो का? मुख्य सहा गाणी दहा मिनिटांहून मोठी आहेत, शेवटचं ‘७एम्पेस्ट’ तर पंधराच्या पुढे. घाईत ऐकणाऱ्याला ही तक्रार खरीच वाटणार.

पण आपण कोल्हापूरचे. अल्लादिया खाँसाहेब शाहू महाराजांच्या दरबारात इथेच गायले, आणि देवल क्लबच्या मैफिलीत विलंबित ख्याल भरत जाताना ज्यानं ऐकलाय, त्याला दहा मिनिटांचा डोंगर वाटायला नको. ‘न्यूमा’ ऐका. सुरुवातीला गिटार आणि बेसचा एकच फिरता आकार, मधल्या शांत भागात ड्रमर डॅनी कॅरी इलेक्ट्रॉनिक पॅडवर तबल्यासारखे बोल काढतो, आणि त्याच्यावरून गाणं परत चढत जातं. कॅरी आलोक दत्त यांच्याकडे तबला शिकलाय. हात कुठून आला ते ऐकू येतं. ‘इन्व्हिन्सिबल’मधला म्हातारा होत चाललेला योद्धा म्हणजे हा बँडच, असं बहुतेक चाहत्यांनी मानलं, मीही मानतो. पहिल्या दिवशी नाराज झालेले माझ्या ओळखीतले दोघं-तिघं आज हाच अल्बम टूलचा सर्वांत परिपक्व म्हणून सांगतात. स्टोन्सच्या बाबतीत एवढं मतांतर झालेलं मी पाहिलं नाही.

पैशांचं थोडक्यात. टूलची पहिली सीडी चार इंची पडदा, छोटा स्पीकर आणि चार्जिंग केबलसकट आली होती, अमेरिकेतच सुमारे ४५ डॉलरला. संग्राहक नसाल तर तिच्या नादाला लागू नका. शिवाय सीडीत सातच ट्रॅक आहेत. आणखी तीन छोटे तुकडे धरून दहा ट्रॅक, जवळपास ८७ मिनिटं, हे स्ट्रीमिंगवर मिळतं. व्हिनाइल घ्यायचीच असेल तर स्टोन्सची घ्या, ४८ मिनिटं एका तबकडीत मावतात.

ऐकण्याची जागाही महत्त्वाची. पन्हाळ्याला गाडीतून जाताना चौघं बसलेत, खिडक्या उघड्या आहेत, तर स्टोन्स. तिथं टूल लावलंत तर शांत भाग वाऱ्यात वाहून जातील आणि मागचे दोघं गाणं बदल म्हणतील. गगनबावड्याला एकटे, पावसात, काचा बंद करून निघालात तर टूल. घाट लागेपर्यंत अर्धा अल्बम सहज होतो.

ज्याला रॉक नवं आहे, त्यानं निःसंकोच स्टोन्सपासून सुरू करावं, तेही ‘अँग्री’ सोडून थेट ‘लिव्ह बाय द स्वोर्ड’पासून. जो मेटल, म्हणजे जड आवाजाचा रॉक, आधीपासून ऐकतो किंवा शास्त्रीय बैठकीत बसलाय, त्यानं टूल घ्यावा, ‘न्यूमा’नं सुरुवात करावी आणि महिनाभर मत देऊ नये.