सातवीनंतर मुंबई की गावाजवळचे हायस्कूल?

रत्नागिरी-सिंधुदुर्गात जिल्हा परिषदेच्या अनेक शाळा सातवीला संपतात, आणि मे महिन्यात गावी आलेला काका किंवा मामा ‘पोराला आमच्याकडे पाठवा’ असे म्हणतो, तेव्हा पालकांपुढे दोन वाटा उभ्या राहतात : मुंबईतील नातेवाइकांचे घर किंवा पाच-सहा किलोमीटरवरचे अनुदानित हायस्कूल. माझा कल हायस्कूलकडे आहे आणि त्यामागे गावाच्या ओढीपेक्षा व्यवहार अधिक आहे.

आठवीत राष्ट्रीय आर्थिक दुर्बल घटक शिष्यवृत्तीची परीक्षा असते, जिला शाळांमध्ये सगळे एनएमएमएस म्हणतात. पालकांचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत असेल आणि सातवीत किमान ५५ टक्के गुण असतील (अनुसूचित जाती-जमातींना पाच टक्के सवलत), तर परीक्षेला बसता येते. निवड झाल्यास नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये मिळतात. मात्र ही संधी सरकारी, स्थानिक स्वराज्य संस्थांच्या आणि अनुदानित शाळांतील मुलांनाच आहे. मुंबईत हौसेने विनाअनुदानित इंग्रजी शाळेत घातलेले मूल ती गमावते, आणि वर फीही भरावी लागते.

अभ्यासाच्या बाबतीत पारडे इतके सरळ झुकत नाही. मुंबईत चांगले क्लास आणि वाचनालये हाताशी असतात. इकडे संध्याकाळची एसटी चुकली की घरी पोहोचण्याचीच पंचाईत, मग क्लास कुठला. (ग्रामीण मुलींना एसटीचा मोफत पास मिळतो, तो जरूर काढावा.) परंतु दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसे असतील, तर टीव्ही बंद होईपर्यंत वही उघडत नाही, आणि आठवीतच माध्यम बदलले तर बीजगणित आणि इंग्रजी एकदमच अंगावर येतात. कोकणातील अनेक हायस्कुलांत सेमी इंग्रजीची सोय आहे. तिथे हा बदल पुष्कळ सौम्य होतो.

पुढच्या कामधंद्याचा विचार करताना मुंबईत संधी जास्त, असे म्हटले जाते, पण त्या संधी बहुतांशी दहावीनंतरच्या आहेत आणि तेव्हाही मुंबईला जाता येते. शिवाय रत्नागिरी आणि मालवण येथे शासकीय तंत्रनिकेतने आहेत. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचे मत्स्य महाविद्यालय रत्नागिरीजवळ शिरगावला आहे, आणि तेथील चार वर्षांच्या पदवीसाठी बारावी विज्ञान लागते. बंदरावर मिस्त्री बोटीच्या इंजिनाचा नोझल काढून, डिझेलने धुऊन, फवारा कसा पडतो ते तपासत असताना शेजारी उभे राहिलेल्या मुलाला आयटीआयमधील डिझेल मेकॅनिक हा ट्रेड म्हणजे काय, ते वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

तरीही एका परिस्थितीत मी मुंबईच सुचवीन. जवळच्या हायस्कूलमध्ये गणिताचे पद रिकामे असेल आणि ते लवकर भरण्याची चिन्हे नसतील, तर वरचे सगळे फायदे फिके पडतात, कारण तंत्रनिकेतन असो वा विज्ञान शाखा, दोन्हींची वाट आठवी-नववीच्या गणितावरूनच जाते. म्हणून प्रवेशापूर्वी मुख्याध्यापकांना आठवीचे वेळापत्रक मागावे आणि गणिताच्या तासापुढे कोणाचे नाव आहे ते पाहावे. मुंबईचे ठरलेच, तर शाळा सोडल्याचा दाखला काढण्याआधी तिकडची शाळा अनुदानित किंवा महापालिकेची असल्याची खात्री करून घ्यावी.